परत पाठव

मुलांनो, मनाशी एक चित्र आणा. तुम्ही टायरगाडीच्या धुरेवर बसला आहात. मागं उसाच्या मोळ्या डोक्याच्या वर रचलेल्या, बैलांच्या तोंडाला फेस आलेला, आणि तुम्ही साखर कारखान्याच्या फाटकाशी येऊन पोचला आहात. फाटकावरचा माणूस हात आडवा करतो आणि म्हणतो, "आत गर्दी आहे. अजून नंबर नाही. थोड्या वेळानं या."

सांगा, तुम्ही काय कराल? गाडी कडेला लावाल, बैलांपुढं उसाच्या शेंड्यांचे वाढे टाकाल, जरा पाठ टेकाल आणि पुन्हा फाटकाशी जाल. नंबर लागेपर्यंत जात राहाल. यात शहाणपण फार लागत नाही. बैलांनासुद्धा हे कळतं.

आता असा एक गाडीवान डोळ्यांपुढं आणा, जो "नंबर नाही" एवढं ऐकल्याबरोबर गाडी वळवतो, सगळी वाट तुडवत फडात माघारी येतो, ऊस मालकाच्या पायाशी ओततो आणि वर तोंड करून सांगतो, "मालक, असा कारखानाच नाही. तुम्ही पत्ता चुकीचा दिला." या गाडीवानाला तुम्ही काय म्हणाल? जे म्हणाल ते जपून ठेवा. पुढं एका शिकल्यासवरल्या माणसासाठी तो शब्द आपल्याला लागणार आहे. कदाचित दोघांसाठी.

घाटनांदूरला स्टेशनाच्या अंगाला एका गल्लीत मंजुषा राहायची. पत्र्याच्या दोन खोल्या, दारात कढीपत्त्याचं झाड, आणि सोबतीला भाची धनश्री. धनश्रीचे आईबाप, म्हणजे मंजुषाचा भाऊ मुंजाजी आणि वहिनी, दिवाळी झाली की कोयता घेऊन सांगलीकडं जायचे आणि ऊन तापायला लागलं की यायचे. मधले महिने धनश्री आत्याची.

मंजुषा काय काम करते, हे गल्लीत कुणालाच नीट सांगता येत नसे. कुणी म्हणे टपालाचं करते, कुणी म्हणे दिवसभर टिकटिक करत बसते. खरं काम असं होतं. कॉलेजात असताना तिनं ई-मेल इकडून तिकडं पोचवणारा एक प्रोग्राम लिहिला होता. निजामाच्या राज्यात टपाल घेऊन पळणाऱ्या माणसाला हलकारा म्हणत. तिनं आपल्या प्रोग्रामला तेच नाव दिलं. आता हा हलकारा शाळा वापरत, वाचनालयं वापरत, दूध संघ वापरत, लांबलांबच्या देशांतली माणसंही वापरत. तो फुकट होता. त्याचा सोर्स कोड, म्हणजे यंत्रानं काय करायचं ते सांगणाऱ्या मूळ ओळी, कुणालाही वाचायला उघड्या होत्या. कुणीही बदल सुचवावा. मंजुषानं तो वाचावा, आणि पटला तर आत घ्यावा, अशी रीत होती.

विहीर खणणाऱ्याच्या नावानं नारळ फुटतो. दरसाल खाली उतरून गाळ काढणाऱ्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. सोर्स कोडाची देखभाल म्हणजे गाळ काढणं. मंजुषा कितीतरी वर्षं एकटी गाळ काढत आली होती, आणि त्याचा परिणाम तिच्या जिभेवर झाला होता. तिला माणसं किरकोळ वाटायला लागली होती.

"चालत नाही," एवढंच कुणी लिहिलं, की ती उत्तर लिही, "काय चालत नाही? हलकारा की डोकं?" शाळेचे हेडमास्तर परमेश्वर सर पडदा काळा झाला की संगणक बंद झाला असं समजत, त्यांचं नाव निघालं की ती नुसती नाकातून हसायची. गेल्या आठवड्यात उमापूरच्या बंकट नावाच्या माणसानं लिहिलं होतं, "आमच्या वाचनालयाच्या मेल पोचण्याआधीच माघारी येतात." त्याला तिनं एका ओळीत निकालात काढलं. "पत्ता वाचून टाकत जा. वाचनालय चालवता ना?" तिच्या लेखी जगात दोनच तऱ्हेची माणसं होती, वाचणारी आणि न वाचणारी. पहिल्या तऱ्हेत बहुतेक दिवस ती एकटीच असायची.

आणि न वाचणाऱ्यांचा शिरोमणी म्हणजे प्रविण.

हा प्रविण मूळचा बीडचा, आता पुण्यात एका मोठ्या कंपनीत होता. त्याच्या लॅपटॉपवर इतकी चित्रं चिकटवलेली होती की झाकणाचा मूळ रंग कोणता हे बनवणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. हलकाऱ्याच्या कामात तो हौसेनं शिरला होता. पण विहिरीत तो कधी उतरला नाही. तो काठाला रंग द्यायचा. कुठं एक स्वल्पविराम हलवायचा, कुठं एक रिकामी ओळ काढायची, आणि जगाला कळवायचं, "आज मी हलकाऱ्यात योगदान दिलं." अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात, ते हेच. आणि याच्याकडं तर हळकुंडाचा नुसता वास होता.

मंजुषानं कोडातल्या कामांना मराठी नावं दिली होती. अक्षरं इंग्रजी, शब्द आपले. प्रविणला त्याची लाज वाटे.

"ताई, फार गावठी दिसतं हो हे," तो म्हणायचा. "बाहेरचे लोक हसतात."

"हसू दे. हसून झालं की वाचायला सांग त्यांना."

शेवटी महिन्याभरापूर्वी त्यानं एक भलामोठा बदल पाठवला. मथळा होता, "सगळी नावं इंग्रजीत केली." मंजुषानं मथळा वाचला आणि तिला त्याची कीव आली. नावं बदलण्यापलीकडं याला येतंय काय? जाऊ दे, तेवढाच त्याचा जीव शांत होईल. तिनं बदल आत घेतला, आणि हलकाऱ्याची ती नवी आवृत्ती जागोजाग पोचली. घाटनांदूरच्या शाळेतल्या यंत्रावरही चढली.

आता त्या शुक्रवारकडं येऊ.

धनश्री सातवीत होती. विज्ञानाच्या एका निवासी शाळेची परीक्षा तिनं दिली होती आणि तिची निवड झाली होती. तिथं दुर्बीण होती, प्रयोगशाळा होती, आणि मुलींना रात्री आकाश बघायला गच्चीवर नेत, असं तिनं ऐकलं होतं. आता फक्त एक व्हायचं होतं. तिच्या सध्याच्या शाळेनं, शाळेच्याच ई-मेलवरून, शुक्रवारी पाचच्या आत होकार कळवायचा. नाही कळवला तर जागा पुढच्या मुलीला. फोन चालणार नव्हता, दुसऱ्या कुणाचा ई-मेल चालणार नव्हता. परमेश्वर सरांनी हे काम आठवडाभर उराशी बाळगलं आणि शेवटच्या दिवसावर आणून ठेवलं. असल्या माणसांना शेवटचा दिवस फार आवडतो.

सकाळी शाळेला निघण्याआधी धनश्री शेजारच्या वच्छलाबाईंकडून एक पितळी डबा घेऊन आली. वच्छलाबाईंचे यजमान हरिबा तापानं पडले होते. आदल्या दिवशी वच्छलाबाईंनी आपला हाच डबा देऊन मंजुषाकडून हुलग्याच्या पिठाचं गरम माडगं नेलं होतं.

"आत्या, काकू म्हनल्या, डबा परत पाठव."

मंजुषा पडद्यातून मान न काढता म्हणाली, "कमाल हाय बाईची! आपलाच डबा आपणच धाडायचा, आन् वरून परत मागायचा. तापात डोकं तिचं गेलंय का त्यांचं?"

पण रिकामं भांडं कुणाच्या घरी पाठवू नये, ही रीत मंजुषालाही मोडवत नसे. तिनं डबा विसळला, आत गुळाचा खडा टाकला आणि धनश्रीच्या हातात दिला. धनश्रीनं तो जाता जाता वच्छलाबाईंच्या ओट्यावर ठेवला आणि ती शाळेकडं पळाली.

दुपार कलल्यावर ती पळतच माघारी आली. दप्तर खांद्यावर नव्हतं, ते शाळेतच राहिलं होतं.

"आत्या, मेल जाईना! सरांनी किती डाव पाठवला. लगेच माघारी येतोय. पत्ता सापडत न्हाई म्हनून लिहून येतंय."

"पत्ता चुकलाय मग."

"पत्ता म्या टाकलाय."

"म्हंजी तू चुकलीस. वाचून टाकायचं असतं धने. त्या सरांच्या शेजारी बसून बसून तूबी तसलीच व्हायला लागलीस."

धनश्रीचा चेहरा उतरला. पण ती रडली नाही आणि हललीही नाही. तिनं उजव्या हाताची मूठ उघडून आत्याच्या आणि पडद्याच्या मधे धरली. तळहातावर निळ्या पेनानं एक आकडा लिहिलेला होता. ४५१.

"हे काय?"

"त्यांच्या यंत्रानं आपल्याला काय म्हनलं ते. खाली बारीक अक्षरात होतं. सरांनी वाचलं न्हाई, म्या वाचलं. तूच शिकवलंस ना, दोनानं सुरू झालं तर 'घेतलं', चारानं झालं तर 'थोड्या वेळानं या', आन् पाचानं झालं तर 'येऊच नका'. हितं चार हाय आत्या. थोड्या वेळानं या म्हनत्यात. मंग हलकारा माघारी कामून आला?"

मंजुषाचा हात कळफलकावरच थांबला.

शेवटचा दिवस होता. गावोगावच्या शाळा त्याच पत्त्यावर होकार धाडत असणार. पलीकडचं यंत्र म्हणत होतं, गर्दी आहे, नंबर नाही. आणि हलकारा काय करत होता? गाडी वळवून फडात येत होता. हलकारा! ज्याचं सगळं मोल पुन्हापुन्हा फाटकाशी जाण्यात, तो.

तिनं सोर्स कोड उघडला. हे काम करणाऱ्या ओळी तिला देवघरातल्या टाकांइतक्या ओळखीच्या होत्या. तिथं दोन कामं होती. 'थोड्या वेळानं या' म्हटलं तर करायचं काम, त्याचं नाव तिनं ठेवलं होतं परत_पाठव. 'येऊच नका' म्हटलं तर करायचं काम, त्याचं नाव परत_धाड. पहिल्याचा अर्थ, टपाल पुन्हा पाठव. दुसऱ्याचा अर्थ, ज्याचं त्याला माघारी धाड.

आता तिथं एकच काम उरलं होतं. इंग्रजी नाव, सेंड बॅक. दोन्हीकडून त्यालाच हाक मारलेली. आणि शेजारी प्रविणची टीप होती, "एकाच कामाची दोन फंक्शन्स होती, एक काढलं."

मंजुषानं फोन लावला.

"हां ताई, बोला. मीटिंगमध्ये आहे जरा."

"बाहेर ये मीटिंगीतून. परत_पाठव कुठं गेलं?"

"कुठलं? अच्छा, ते! ते डुप्लिकेट होतं ताई. परत पाठव म्हणजे सेंड बॅक. परत धाड म्हणजेसुद्धा सेंड बॅक. एकच गोष्ट दोनदा. मी साफ केलं. कोड किती स्वच्छ दिसतो ना आता?"

"ऊस पेटवल्यावर फडबी स्वच्छ दिसतो. आत काय लिहिलं होतं ते वाचलंस?"

"आत वाचायची गरजच नसते ताई. नाव चांगलं असेल तर नावावरून सगळं कळतं. तत्त्वच आहे ते."

"मग दवाखान्याची पाटी वाचून घरी येत असशील तू. ताप उतरला म्हणत."

"ताई, तुम्ही उगाच पर्सनल होताय. आणि..." इथं प्रविणच्या आवाजात एकदम तूप उतरलं, "...तुम्हीच तर तपासून मान्य केलं होतं. खाली तुमचं नाव आहे बघा."

मंजुषानं फोन बंद केला. खाली बघितलं. नाव होतं.

मुलांनो, माणूस एकदा किरकोळ ठरवला, की त्याचं लिहिलेलं वाचायचे कष्ट वाचतात. मंजुषानं ते वाचवले होते. सगळ्या जगाला न वाचल्याबद्दल टोमणे मारणारी बाई मथळा वाचून उठली होती, पाटी वाचून दवाखान्यातून घरी आली होती. हे तिला त्या क्षणी कळलं. पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं.

"गाढव हाय तो," ती धनश्रीला म्हणाली. "बीडचा असून मराठी येत न्हाई. परत म्हंजी काय, एवढं कळू नये?"

एवढ्यात दार वाजलं. वाजलं कसलं, आदळलं. पदर खोचलेल्या वच्छलाबाई हातात तो पितळी डबा घेऊन आत आल्या आणि त्यांनी तो मंजुषाच्या कळफलकाशेजारी ठण्‌कन ठेवला.

"काय गं मंजे, गुळानं ताप उतरतो व्हय?"

"काय झालं काकू?"

"काय झालं! माणूस सकाळधरनं वाट बघतोय. कालचं माडगं लई चांगलं लागलं, पुन्हांदा आण म्हनतोय. म्हनून म्या डबा दिला पोरीजवळ, परत पाठव म्हनून. उघडून बघते तर ह्यो खडा! त्याला म्हनलं, चाट आता, मंजीचं औषध हाय."

"अहो काकू, डबा परत पाठव म्हणजे माघारीच ना? मला वाटलं..."

"डबा माझा. म्याच रिकामा धाडला तुज्याकडं. आन् म्याच माघारी मागीन? मला काय येड लागलंय? जरा इचार करावा मानसानं!"

धनश्री एकदा डब्याकडं बघत होती, एकदा पडद्याकडं.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "त्या प्रविणदादाला मराठी येत न्हाई. मग तुला?"

मंजुषाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"कोन प्रविण?" वच्छलाबाईंनी विचारलं. "त्यानंबी गूळ धाडला का काय?"

आणि मंजुषाला हसू फुटलं. तिला नको असताना फुटलं. पुष्कळ दिवसांनी ते नाकातून न येता तोंडातून आलं. पण हसायला वेळ नव्हता, चार वाजून गेले होते.

"काकू, हुलग्याचं पीठ त्या निळ्या डब्यात हाय. तुमच्या हातानं करून घ्या. मला उठता यायचं न्हाई, पोरीच्या शाळेचं काम अडलंय."

"कर तू. माडग्याला काय लागतंय?" म्हणत वच्छलाबाई आतल्या खोलीत गेल्या.

मंजुषा कामाला लागली. सोर्स कोडाची एक भली गोष्ट असते. त्यात मागं काय होतं ते पुसलं जात नाही. कुणी काढलेली ओळसुद्धा शोधली की सापडते. तिनं आपली जुनी परत_पाठव आणि परत_धाड ही दोन्ही कामं शोधली, होती त्या जागी आणून बसवली आणि या डावाला ओळ न ओळ वाचली. बोट पडद्यावर ठेवून, पहिलीतल्या मुलासारखी. मग खोट्या टपालावर चालवून बघितलं. पलीकडून 'थोड्या वेळानं या' म्हटलं की हलकारा कडेला थांबत होता आणि पुन्हा जात होता. शहाण्या गाडीवानासारखा.

मग तिनं सरांना फोन केला. "सर, शाळेच्या यंत्रावर मी इथून नवीन आवृत्ती चढवते आहे. झाली की तुम्ही तो होकार एकदाच पाठवा. एकदाच. आणि मग कशालाही हात लावू नका."

"बंद करून चालू करू का एकदा?"

"नाही सर."

"वायर हलवून बघू?"

"सर, वर्गात पोरांना हाताची घडी घालून बसवता ना? तसं बसा तुम्ही. लई मदत होईल."

सरांनी होकार पाठवला. शाळेच्या यंत्रावर काय चाललंय, ते मंजुषाच्या पडद्यावर एकेका ओळीनं उमटत होतं. धनश्री गुडघे छातीशी घेऊन त्या ओळींसमोर बसली.

"चारशे एक्कावन्न," तिनं वाचलं. "न्हाई घेतलं."

"थांब. आता बघ."

हलकारा थांबला. खोलीत हुलग्याचा भाजका वास पसरला होता आणि आत वच्छलाबाई पळी फिरवत कुणाशी तरी, बहुधा भांड्यांशीच, बोलत होत्या. पडद्यावर पुन्हा एक ओळ आली.

"चारशे एक्कावन्न." धनश्रीचा आवाज बारीक झाला. "आत्या, पाच वाजतील."

मंजुषानं काही टोमणा मारला नाही. तिनं आपला हात पोरीच्या पाठीवर ठेवला आणि तीसुद्धा बघत राहिली. करण्यासारखं होतं ते करून झालं होतं. आता फाटकाशी जाणं हलकाऱ्याचं काम होतं. तो तिसऱ्यांदा गेला. थांबला. चौथ्यांदा गेला.

"दोनशे पन्नास!" धनश्री ओरडली. "दोन हाय! दोनानं सुरू हाय! घेतलं! घेतलं आत्या!"

वच्छलाबाई पळी घेऊनच बाहेर आल्या. "काय घेतलं? कुणी घेतलं?"

"माझा नंबर लागला काकू! गाडी आत गेली!"

"कुठली गाडी?" वच्छलाबाईंना काही कळलं नाही, पण पोर नाचतेय एवढं दिसलं. त्यांनी पिठाळलेल्या हातानं तिच्या गालावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. मग माडग्याचा डबा भरून, झाकण दाबून त्या निघाल्या. दारातून वळून म्हणाल्या, "मंजे, उद्या ह्यो डबा येईल तवा ऐकून घे. भरून धाड म्हनलं म्हंजी भरून धाड, आन् राहू दे म्हनलं म्हंजी राहू दे. तुज्यासाटी आता सुटं सुटं बोलावं लागंल."

त्या गेल्यावर मंजुषानं दुरुस्त केलेला हलकारा सगळीकडं रवाना केला. उमापूरच्या बंकटला दोन ओळी लिहिल्या, "पत्ता तुमचा बरोबर होता. चूक इकडची होती." या दोन ओळी लिहायला तिला कोड दुरुस्त करण्यापेक्षा जास्त वेळ लागला. प्रविणनं मात्र तेवढ्यात जगाला कळवूनसुद्धा टाकलं होतं, "हलकाऱ्यातली एक गंभीर चूक आज आमच्या टीमनं विक्रमी वेळात दुरुस्त केली." खाली लोक टाळ्या वाजवत होते. असल्या माणसाचं एक बरं असतं, त्याला लाजवायला जावं तर लाज ठेवायची जागाच सापडत नाही.

"आत्या," धनश्री म्हणाली, "नाव तेच ठेवलंस?"

"मग? नाव काय करतंय? ज्यानं त्यानं आत उतरून वाचावं."

"तू तरी कुठं उतरली व्हतीस?"

मंजुषानं तिच्याकडं बघितलं. एरवी असं कुणी बोललं असतं, तर त्याची आठ दिवस झोप उडेल असं उत्तर तिच्या जिभेवर तयार असायचं. आताही आलं. तिनं ते गिळलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. दुपारी धनश्री आत्याच्या जुन्या लॅपटॉपवर बसली. ती काय करते आहे ते तिनं सांगितलं नाही आणि मंजुषानं विचारलं नाही. मधूनच ती जोरात काहीतरी म्हणून बघायची. "आण पुन्हा." "जा माघारी." पुन्हा गप्प. संध्याकाळच्या सुमाराला मंजुषाच्या पडद्यावर एक नवा बदल येऊन उभा राहिला. पाठवणार, धनश्री मुंजाजी. तपासणार, मंजुषा आणि प्रविण. मथळ्यात लिहिलं होतं, "दोन कामांची नावं बदलली, कारण जुनं नाव दोघांनी चुकीचं वाचलं."

दोघांनी! मंजुषाचं तोंड वाकडं झालं. पण तिनं चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. परत_पाठव जिथं जिथं होतं तिथं आता होतं पुन्हा_पाठव. परत_धाडच्या जागी होतं माघारी_धाड. बाकी एका अक्षराला हात लावलेला नव्हता.

ती पहिल्या पानावर असतानाच प्रविणचा अभिप्राय येऊन पडला. वर केलेला अंगठा. "मस्त काम!" इतक्या लवकर, की बदल उघडायलासुद्धा त्याला सवड झाली नसावी.

मंजुषा वाचत राहिली. अंधारून आलं तरी वाचत राहिली. आणि शेवटाजवळच, एका कोपऱ्यात, तिला जुनं नाव सापडलं. एक परत_पाठव तिथं तसंच राहून गेलं होतं. तिनं सवयीनं लिहिलं, "डोळे कुठं होते?" त्या ओळीकडं थोडा वेळ बघितलं, ती खोडली, आणि दुसरी लिहिली.

"चांगलं झालंय. शेवटच्या पानावर एक जागा राहिली आहे. दुरुस्त करून परत पाठव."

पलीकडच्या खोलीत धनश्रीनं ते वाचलं. दोनदा वाचलं. मग तिनं ती राहिलेली जागा शोधली, दुरुस्त केली, सगळं वरपासून खालपर्यंत एकदा वाचलं, आणि बदलाखालच्या चौकटीत लिहिलं, "पुन्हा पाठवते आहे. माघारी धाडू नकोस." आणि कळ दाबली.